विळ्याच्या मुठीवरची सही

पिंपळवंडी, ता. जुन्नर
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

चि. प्रतीक्षा हिस,
आजीचा सप्रेम जयभीम आन अ. उ. आ. वि. वि.

पत्र बघून दचकू नको, घरी समदी धड हायत. तू मोबाईल हातात घेत न्हाईस असं तुझ्या कोच मॅडमनी तुझ्या बापाला, जयवंताला, कळवलं. मंग मी म्हणलं कागदावर बोलावं, कागद वाजत न्हाई. अक्षर माझंच हाय. वेलांटी कुटं पैली आन कुटं दुसरी ते बघत बसू नको. शिकवणारी तुझीच आई व्हती, चूक काढायची तर तिच्यात काढावी लागंल.

आधी आनंदाची गोष्ट सांगते, मला दम निघत न्हाई. विळा घावला! तुझ्या आईचा, सहीचा विळा. परवा आपल्या म्हशीच्या घासाच्या तुकड्याशेजारचा ऊस तुटला. बीडकडची टोळी आलीय, त्यातल्या एका बाईच्या कोयत्याला पाचटात कायतरी खट्टकन लागलं, बघती तर विळा. नोव्हेंबरात त्या दिवशी पोलिसांनी, फॉरेस्टवाल्यांनी, आख्ख्या गावानं तो ऊस तुडवला व्हता, कुणाला दिसला न्हवता. पातं गंजून लाल झालंय, मूठ मातर शाबूत. ती बाई दारात आली आन ताट द्यावं तसा दोन्ही हातांनी मला दिला. कुणाचा हाय हे तिला कुणीतरी सांगितलं असणार, कारण ती वर बघत न्हवती. मी तिला बसवलं, चहा पाजला. तिचं नाव सोनीबाई. तिची लेक बी तुझ्याएवढी हाय, पण ती उसातच.

मुठीवर मंगल रावतेची सही आता कुटली राहती? नुसता शेवटचा फराटा राहिलाय, पाल सरकून गेल्यावानी. पण मला बघ, तेवढा फराटा बघितला आन समदं डोळ्यापुढं आलं. तुला कितपत आठवतंय? तू दुसरीत व्हतीस. आपन शिनोलीला तुझ्या कपिल मामाकडं भीमजयंतीला गेलो व्हतो. शिनोलीहून घोडेगावला पोरांची दौड ठेवलेली, आन पाहुणी म्हणून घाटघरची मंगल रावते आलेली. देशासाठी परदेशात शर्यत पळून आलेली बाई! मी म्हणलं असंल कोण उंचीपुरी, तर एवढीशी, काळीसावळी, आपल्यातलीच दिसणारी. पण पिंडऱ्या बघितल्यास का? नाणेघाटाच्या चढानं घडवलेल्या. तू बारक्या पोरींत पळालीस आन शेवटून दुसरी आलीस. भोकाड पसरलंस. तुझी आई म्हणाली की शेवटून पैली न्हाई ना आलीस, मंग रडायचं काम न्हाई.

आन मंग तिच्या डोक्यात आलं की पोरीला या बाईची सही मिळवून द्यायची. लोकं वह्या घेऊन, कोण टोपी, कोण सदऱ्याचं टोक पुढं करून रांगेत उभी. आपल्याकडं कागदाचा चिटोरा न्हाई. तुझ्या आईकडं व्हता विळा. मामानं घोडेगावच्या सुताराकडनं बाभळीची नवी मूठ बसवून बहिणीला दिलेला, पांढरीफेक मूठ. पदराखाली विळा घेऊन बया निघाली सरळ पाहुणीकडं! एक कार्यकर्ता पोरगं पळत आडवं आलं, बाई विळा घेऊन कुटं निघालीस म्हणून. तर ही म्हणाली की भिऊ नको रे बाबा, पाहुणी कापत न्हाई, सही घेते. हसून हसून मांडव हालला. मंगल रावतेनं विळा हातात घेतला, धार बघितली, आन पोरांच्या छातीवर नंबर लिहायच्या काळ्या पेनानं मुठीवर सही करून दिली.

आता माझी फजिती. मला वाटलं सही म्हणजे दोघींची लागती. आपल्या बचत गटात तसंच असतं ना, देणारीची एक, घेणारीची एक. मला नवंनवं लिहाय येत व्हतं, तोरा व्हता. मी पेन घेतलं, त्या बाईचा हात धरला आन तळहातावर लिहिलं, कोंडाबाई. तुझ्या आईनं कपाळावर हात मारला. पण ती मंगल हात तसाच उघडा धरून बघत राहिली आन म्हणाली की एवढी वरसं पळते, सही मागणारी लई भेटली, देणारी कोणी भेटली न्हवती. एस्टीत बसल्यावर तुझी आई मला कोपरखळ्या मारत राहिली, आत्याबाई आता पेपरात झळकणार म्हणून.

बांधाशेजारच्या सरूबाईनं तवा सांगितलं व्हतं की विळा भिंतीला टांगून ठेव, शोभंल. तुझी आई म्हणाली की मूठ हाताला असती, भिंतीला न्हाई. झिजली तर माझ्याच हाताला लागंल, दुसरं कुटं जाती. आन रोज वापरला. तशीच झिजली.

गावात काय, बिबट्यानं मान धरू नये म्हणून पंचायतीनं बायांना गळ्यात घालायला खिळ्यांचे पट्टे वाटलेत. तुझ्या आजोबांनी जन्मात मला ठुशी केली न्हाई, आता सरपंचानं केली. बांधावर पिंजरा लावलाय, आत शेळी. ती शेळी बसून खाऊन इतकी माजलीय की बिबट्या आला तरी दारात मावणार न्हाई.

मॅडम म्हणाल्या तू मैदानावर जातीस आन कडेच्या दोरीपाशी उभी राहतीस. पळत न्हाईस. पंधरा मार्चला चाचणी हाय आन ती दिली न्हाईस तर वसतिगृहातली जागा जाणार. तुझा बाप ऐकून नुसता म्हशीला पाणी दाखवायला गेला. मी म्हणलं, आपन पोरीला विळा घावल्याचं कळवू. तिलाबी बरं वाटंल.

उलट टपाली चार ओळी टाक. आजीवरचा जीव हाय तेवढाच राहू दे, वाढला तर माझी ना न्हाई.

तुझी आजी
कोंडाबाई

•

क्रीडा वसतिगृह, पुणे
१५ फेब्रुवारी २०२६

ती. आजीस,
प्रतीक्षाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तू खूश आहेस ते कळलं. मला नाही होता येत. विळा घरात ठेवू नकोस. कुणाला तरी देऊन टाक, नाहीतर परत उसात टाक.

मला शिनोलीचं सगळं आठवतं. आईने सही घेतली म्हणून मी पळायला लागले. रोज पहाटे आई माझ्यामागे ताट वाजवत सायकलवर यायची, उसातून काही येऊ नये म्हणून. पळायला लागले म्हणून इथे आले. इथे आले म्हणून रविवारचा फोन. तू मला त्या सहीची गोष्ट सांगून हसवायला बघतेस, पण त्या गोष्टीचं शेवटचं टोक कुठे जातं ते तुला माहीत आहे.

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी मी तीन हजार मीटरला दुसरी आले होते. इथे फोन रविवारी संध्याकाळीच देतात. रांगेत उभी राहून मी फोन घेतला आणि आईला लावला. नुसता वाजत राहिला. आजी, मला राग आला होता. मला वाटलं, हिला आजच म्हशीचं पडलंय. मी परत लावला, रागाने. परत वाजत राहिला. आई गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी सरूआजी बोलून गेली तेव्हा मला कळलं. शेतात आईचा गाण्याचा डबा कायम मोठ्याने चालू असायचा, बिबट्या लांब राहावा म्हणून. त्या दिवशी तिने तो बंद केला होता. माझा फोन ऐकू यावा म्हणून.

हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी माझ्याशी बोलत नाही. पप्पा तर नाहीच.

मी पळायला लागले की दम लागतो आणि दम लागला की कानात ती रिंग सुरू होते. म्हणून मी दोरीपाशी उभी राहते. मी चाचणी देणार नाही. पप्पांना सांग, पंधरा तारखेला मला न्यायला या.

तुझ्या गुडघ्यांना तेल लावत जा. माझ्यावर रागावू नकोस.

तुझी
प्रतीक्षा

•

पिंपळवंडी
२२ फेब्रुवारी २०२६

चि. प्रतीक्षा हिस,
आजीचा जयभीम आन पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी वाचलं. मंग चूल विझवली आन परत वाचलं. तुझ्या बापाला दिलं, त्यानं उभ्यानं वाचलं आन घडी घालून खिशात ठेवलं, माझ्याकडं परत दिलं न्हाई.

मी तुला खोटं लिहिणार न्हाई. खरं हाय. तुझ्या फोनासाठीच तिनं डबा बंद केला. लोकं तुला सांगतील की तसं न्हवतं, डब्याची चिप बिघडली व्हती, न्हाई तरी व्हायचंच व्हतं. ऐकू नको. पण तुला अर्धंच ठाऊक हाय, कारण सरूबाई अर्धंच बोलली आन तिला रडू फुटलं. उरलेलं मी तिच्याकडनं काढून घेतलंय.

गाणी थांबली तशी बांधापलीकडनं सरूबाईनं हाळी दिली की का गं रत्ने, गाणारा जेवायला गेला का. तुझी आई म्हणाली की प्रतूचा फोन यायचाय, आज नंबर काढला असणार, या गोंगाटात वाजलेला कळायचा न्हाई. सरूबाई म्हणाली की नंबर आला तर पेढे, न्हाई आला तर तुझा घासाचा भारा मला. तुझी आई म्हणाली की मंग भारा तुला कसा मिळतो बघतेच. दोघी हसल्या. मंग तुझी आई वाकली आन कापाय लागली. वाकलेलं माणूस बिबट्याला माणूस वाटत न्हाई म्हणतात. सरूबाईला पाचट वाजल्यावानी वाटलं. मंग फोन वाजला. तिनं म्हणलं, उचल की. मंग परत वाजला.

एवढंच हाय. मी लिहिताना मधी उठून पाणी पिऊन आले, तूबी पी.

तिला तुझी रिंग ऐकू गेली का न्हाई, हे आता कोण सांगणार? मी म्हणते गेली. तू म्हण न्हाई गेली. दोघींच्या म्हणण्यानं ती काय उठून येत न्हाई.

सरूबाई तवापासनं घराबाहेर पडत न्हाई. पडवीत भिंतीकडं तोंड करून बसती. मी रोज जाते, तिच्या सुनेची चहाडी करते, ती हूं म्हणती.

पिंजऱ्यात एक घावला बरं का. शेळीची नोकरी गेली. आख्खा गाव बघायला लोटला, पोरं दगड मारत व्हती. मी बी गेले. घरून शिव्या जुळवून गेले व्हते, चांगल्या जुन्या. तर ते जनावर कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं, नाक जाळीला घासून फुटलेलं. फॉरेस्टच्या साहेबाला इचारलं की त्योच का ह्यो. त्यो बिचारा खरं बोलला, सांगता येत न्हाई म्हणाला. उसातच जन्मतात, उसातच मोठे व्हतात, डोंगर त्यांनी बघितलेला नसतो असंबी म्हणाला. माझ्या शिव्या तोंडातच राहिल्या. तुझा बाप बघायला आला न्हाई.

आता माझं ऐक. मी काय शाळा शिकलेली न्हाई, मला उलटसुलट बोलता येत न्हाई, म्हणून सरळ इचारते. तुझी आई कशासाठी गप बसली व्हती? गाणी बंद करून ती कशाची वाट बघत व्हती? तुझ्या आवाजाची न्हवं, तो तर ती दर रविवारी ऐकायची. तू पळालीस का, कशी पळालीस, हे तिला ऐकायचं व्हतं. आता तू पळणंच सोडलंस तर ती उगाच गप बसली म्हणायची. त्या शांततेचं मंग काय करायचं आपन? मला ते सोसत न्हाई, प्रतू. बाकी समदं सोसतंय.

विळा मी टाकणार न्हाई आन कुणाला देणार न्हाई. पंधरा तारखेला तुझा बाप येईल तवा त्याच्याकडं धाडते. तू पळालीस तर त्याच्या मुठीवर सही करून दे, मंगल रावतेची झिजलीय त्या जागेला. तुझी पैली सही मला पायजे, दुसऱ्या कुणाला दिलीस तर बघ. न्हाई पळालीस तर कोराच घेऊन ये आन संगं बॅगबी घेऊन ये. आजी एका शब्दानं बोलणार न्हाई. तुझ्या आईची गादी मी ऊन दाखवून ठेवलीय.

गुडघ्याला तेल लावते. तू केसाला लाव. माया पातळ करू नको.

तुझी आजी
कोंडाबाई

•

पिंपळवंडी
८ मार्च २०२६

चि. प्रतीक्षा,
जयभीम.

पंधराला सकाळच्या पहिल्या गाडीने येतो. आजीने विळा दिला आहे, पोत्यात गुंडाळून आणतो. मॅडमना फोन केला आहे.

तू बॅग भरलीस तरी चालेल. नाही भरलीस तरी चालेल. तुला न्यायचं की ठेवायचं ते मी ठरवून येत नाही.

तुझं पत्र मी वाचलं. मला लिहिता येत नाही जास्त. तिची चप्पल अजून दाराशी आहे, मी उचललेली नाही. तुझा दोष आहे असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. बोललो नाही कारण तोंड उघडलं की दुसरंच निघेल असं वाटायचं.

जेवत जा.

पप्पा

•

क्रीडा वसतिगृह, पुणे
१६ मार्च २०२६

ती. आजीस,
सविनय जयभीम. वि. वि.

पप्पा काल रात्री घरी पोचले असतील. त्यांनी तुला काही सांगितलं नसेल, म्हणून मी लिहिते.

काल सकाळी गेटवर गडबड झाली. वॉचमनने पोतं उघडायला लावलं, आत विळा. हत्यार घेऊन मुलींच्या वसतिगृहात कुठे निघालात म्हणून त्याने पप्पांना अडवलं. पप्पांनी सांगितलं की सही घ्यायला आलोय. वॉचमनला ते वेड लागलेलं माणूस वाटलं असेल. शेवटी मॅडम आल्या तेव्हा सोडलं. आजी, मी बॅग भरून खाली आणली होती. पप्पांनी बॅगेकडे बघितलं. मैदानाच्या वळणापाशी नळ आहे, तिथल्या दगडी काठावर जाऊन बसले, विळा काढला, पात्यावर पाणी घातलं आणि दगडावर गंज घासायला लागले.

मी खूप वेळ बॅगेवर बसून होते. मुली शिट्टीसाठी उभ्या राहिल्या. पप्पा घासत होते, खर्र खर्र, आई आपल्या अंगणात बसून घासायची तसंच. मॅडमनी माझं नाव दोनदा पुकारलं. मग मी बूट घातले. का घातले ते मला अजून सांगता येत नाही. तुझ्या पत्रामुळे की त्या आवाजामुळे.

दुसऱ्या फेरीला दम लागला आणि कानात रिंग सुरू झाली. मला वाटलं होतं तशीच. मी थांबणार होते. पण वळणावर आले तर नळापाशी खर्र खर्र. तेवढ्या वळणावर रिंग ऐकू आली नाही. पुढे परत आली. मग मी फक्त पुढच्या वळणापर्यंत पळायचं असं करत गेले. रिंग गेलेली नाही, आजी. ती जाईल असं मला वाटत नाही. पण प्रत्येक फेरीत ते एक वळण होतं.

सगळ्यांत मागून पोचले. वेळ जेमतेम बसला. मॅडम म्हणाल्या की जागा राहील, पण पुढच्या चाचणीला असं चालणार नाही. मी गवतावर ओकले. पप्पा आले, त्यांच्या हाताला गंज लागला होता, त्याच हाताने माझं तोंड पुसलं. नळापाशी मला धरून बसले आणि मग ते रडले. नोव्हेंबरापासून मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं.

नंबर लिहायचा पेन मागून घेतला. सही कशी करतात ते मला माहीत नाही, मला कुणी मागितलीच नव्हती. हजेरीला लिहितात तसं पूर्ण लिहिलं, प्रतीक्षा रत्ना जयवंत. मंगलताईंचा फराटा राखला आहे. मूठ आईच्या हाताने इतकी गुळगुळीत झाली आहे की पेन सरकत होता. अंगठ्याच्या जागी खळगा पडलाय. मी माझा अंगठा ठेवून बघितला. बसतो.

तुला रीत माहीत आहे, देणारीची एक, घेणारीची एक. मलाही तुझी पाहिजे.

मोबाईल अजून घेतला नाही. पुढच्या रविवारी घेईन असं म्हणते. पण मी लावला आणि तो वाजतच राहिला तर? तेवढं मला नाही जमणार.

तुझी
प्रतीक्षा

•

पिंपळवंडी
रविवार, २२ मार्च २०२६

चि. प्रतीक्षा रत्ना जयवंत हिस,
आजीचा जयभीम, आन आशीर्वाद मोजायचे न्हाईत. वि. वि.

आली गं बाई सही! मी चष्मा लावून वाचली, चष्मा काढून वाचली, सोनीबाईची टोळी गाव सोडून चालली व्हती तिला गाठून दाखवली. तिला वाचता येत न्हाई, तिनं अक्षरांवरनं नुसतं बोट फिरवलं. मंग मी पेढे घेतले आन सरूबाईच्या पडवीत गेले. तिच्यापुढं विळा ठेवला आन म्हणलं, सरे, तुझं बोलणं झालेलं हाय, नंबर आला तर पेढे. हितं नंबर कसला, पोरगी समद्यांच्या मागनं आली, पण आली. सरूबाई विळ्याकडं बघत बसली. मला वाटलं आता ही मला हाकलती. तिनं पेढा उचलला, तोंडात घातला आन चावता चावता रडाय लागली. मी तिला म्हणलं, आधी गिळ, ठसका लागंल. जाताना मला म्हणाली की भाऱ्याचं बोलणंबी झालं व्हतं. मी म्हणलं तो रत्नीला माग. आज सकाळी ती बांधापर्यंत येऊन गेली. उभीच राहिली, पण आली.

तुझा बाप आला, जेवायला बसला आन मधीच म्हणाला की वळणावर ती चांगली पळती. बस, एवढंच. चप्पल दाराशीच हाय. राहू दे, कुणाच्या पायात येत न्हाई.

आता एक सांगते, ओरडू नको. मी विळा भिंतीला टांगला न्हाई. सोमवारीच घासात घेऊन गेले. पात्याला बापानं लावलेली धार बघ, घास नुसता लोण्यावानी कापला. तुझ्या आईचा खळगा माझ्या अंगठ्याला मोठा पडतो, पण धरायला बरं. तुझी सही आताच थोडी पुसट व्हायला लागलीय, रत्नामधला काना घामानं फिका पडलाय. घाबरू नको. झिजली की तुला यावं लागंल, दुसरी करायला. म्हणून तर वापरते.

वाकायला भ्या वाटतं. खोटं कशाला सांगू. पट्टा गळ्यात असतो, खिळे मानंला टोचतात, आन पाचट वाजलं की मी ताठ उभी राहते. पण म्हशीला ते कुटं कळतंय, तिला घास लागतो. गाण्याचा डबा बाभळीला टांगते, एवढा मोठा लावते की सरपंच रस्त्यानं जाताना कानात बोटं घालतो. जाताना लावते आन घरात पाय टाकला की बंद करते. मधी न्हाई.

म्हणून फोनाचं नीट ऐकून ठेव. रविवारी दिवे लागल्यावर कर. तवा मी घरात असते, दाराला कडी असती, म्हैस आत बांधलेली असती, फोन मांडीवर असतो. पैल्यांदा वाजला की उचलीन, दुसऱ्यांदा वाजू देणार न्हाई. पण कधी आडयेळंला केलास आन नुसता वाजत राहिला, तर जीव घाबरा करू नको. आजी शेतात हाय, डबा चालू हाय, तिला तुझी रिंग ऐकू येत न्हाई असं समज. मी डबा बंद करणार न्हाई, प्रतू. तुझ्यासाठीबी न्हाई. वाजतोय तवर आजी धड हाय.

तू म्हणलीस तशी माझी सही खाली देते. तुझ्या आईनं माझा हात धरून गिरवून घेतलेली पैली अक्षरं हीच. तीन दिवस नुसतं को को काढत बसले व्हते आन ती हसत व्हती. बुटाच्या आत ठेव, कपाटात ठेवू नको. झिजली तर परत देईन, हात हाय तवर.

माया असू दे. दिवे लागायला आलेत, मी आत जाऊन बसते.

कोंडाबाई